पहिलीच गाडी जुनी सी-क्लास: डब्ल्यू २०४ घेताना काय तपासायचं, आधी पैसे कुठे घालायचे

नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत आज २०१० ते २०१३ दरम्यानची मर्सिडीज सी-क्लास मिळते. कंपनीच्या भाषेत या पिढीचं नाव डब्ल्यू २०४. पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला तिचा मोह पडणं साहजिक आहे आणि माझ्या मते तो मोह मारायची गरज नाही. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टांची उतरलेली नाही. तिचा शॉकअप, तिचा इंजेक्टर, तिचा हेडलाइट अजूनही तीस लाखांच्या गाडीचाच आहे. म्हणून हातात सहा लाख असतील तर साडेचार लाखांची गाडी बघा आणि दीड लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. सगळे सहा लाख गाडीतच घातले, तर पहिल्या मोठ्या कामाला ती गॅरेजमध्ये धूळ खात पडते. जुन्या लक्झरी गाड्या स्वस्तात विकल्या जातात त्या बहुतेक अशाच वेळी.

एवढ्या जुन्या लक्झरी सेडान बाजारात असताना डब्ल्यू २०४च का? हिच्यात साध्या कॉइल स्प्रिंग आहेत, एअर सस्पेन्शन नाही. ब्रेक नेहमीचे हायड्रॉलिक. सुरुवातीच्या डब्ल्यू २११ ई-क्लासमधली एसबीसी ही इलेक्ट्रॉनिक ब्रेकची भानगड हिच्यात नाही. इंजिनं चार सिलिंडरची, त्यामुळे बॉनेटखाली हात घालायला जागा मिळते. शिवाय २००९ पासून या गाड्या चाकणच्या कारखान्यात जोडल्या जात होत्या. पुणे-पिंपरीत आणि मुंबईत हे मॉडेल तोंडपाठ असलेले मेकॅनिक मिळतात. एअर सस्पेन्शनची जुनी एस-क्लास कितीही स्वस्तात मिळाली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नका.

आता इंजिनं. पेट्रोलमध्ये एम २७१: आधीची सी २०० कॉम्प्रेसर, नंतरची टर्बोवाली सी २०० सीजीआय. डिझेलमध्ये आधी ओएम ६४६ आणि पुढे ओएम ६५१, म्हणजे सी २२० आणि सी २५० सीडीआय. या सगळ्यांची खरी परीक्षा एकच, थंड इंजिनाची पहिली सुरुवात. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडीला सेल्फ मारू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. ते कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. गार असेल तर बॉनेट उघडा, दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा आणि स्वतः इंजिनासमोर उभे राहा.

सीजीआय पेट्रोल इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट झाला, तर टायमिंग चेन आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणारे कॅमशाफ्ट अ‍ॅडजस्टर झिजले आहेत असं समजा. अ‍ॅडजस्टर तेलाच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना त्याची पिन लॉकमध्ये बसलेली असायला हवी. झीज झाली की ती नीट बसत नाही आणि तेलाचा दाब तयार होईपर्यंत अ‍ॅडजस्टर आपटत राहतो. त्यातच चेन ताणलेली असली की ती अ‍ॅडजस्टरचे दात खाते आणि दात बोथट झाले की एखाद्या दिवशी चेन उडी मारते. तसं झालं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेड उघडण्यावाचून मार्ग उरत नाही.

खडखडाट ऐकूनही गाडी आवडलीच असेल, तर हे काम पूर्ण करण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. पूर्ण काम म्हणजे नवी चेन, नवा टेन्शनर, दोन्ही अ‍ॅडजस्टर आणि चेनच्या पट्ट्या. नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका, जुन्या अ‍ॅडजस्टरचे झिजलेले दात नवी चेनही खातात. काम करताना जुन्या चेनची एक कडी तोडतात, नवी चेन तिला जोडून इंजिन हाताने फिरवत आत ओढतात आणि शेवटची कडी रिव्हेटच्या हत्याराने दाबून बंद करतात. त्यानंतर क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. ते केल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. टेन्शनर हा खटक्याचा असतो, एकदा ढिला केला की तसाच परत आवळायचा नसतो. नवा घातला तर प्रश्नच मिटतो.

एम २७१ ची आणखी एक खोड पाच मिनिटांत तपासता येते. हेडच्या पुढच्या बाजूला कॅम अ‍ॅडजस्टरचे दोन मॅग्नेट असतात. त्यांचे कनेक्टर काढून आत बघा. आत तेल दिसलं तर मॅग्नेट आतून गळतोय. हे तेल तांब्याच्या तारांमधून हळूहळू चढत थेट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत जातं. यावर स्वस्त इलाज आहे: मॅग्नेट बदलायचा आणि त्याच्या व मूळ वायरिंगच्या मध्ये तयार मिळणारी छोटी जोडकेबल घालायची. पुढे कधी गळती झाली तरी तेल त्या तुकड्यातच अडतं. कनेक्टर कोरडे असले तरी ही केबल घालून घ्यावी, असं मी आवर्जून सांगेन. ईसीयूच्या खर्चापुढे तिची किंमत काहीच नाही.

डिझेलच्या ओएम ६५१ मध्ये लक्ष इंजेक्टरवर ठेवा. सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांना डेल्फीचे पिएझो इंजेक्टर होते आणि ते मोठ्या प्रमाणावर खराब झाले. तुमच्या गाडीचे बदलले आहेत का, हे सर्व्हिस रेकॉर्डवरून कळतं. चालू इंजिनाशेजारी उभं राहून फस-फस असा श्वासासारखा आवाज येतो का ते ऐका. केबिनमध्ये डिझेलच्या धुराचा वास येत असेल तर वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बघा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. लवकर सापडलं तर वॉशर, नवा बोल्ट आणि इंजेक्टर बसतो ती जागा साफ करणं एवढ्यावर भागतं. उशीर झाला तर इंजेक्टर त्या थरात इतका घट्ट बसतो की काढताना तुटू शकतो. या इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचं काम निघालं की पार्टापेक्षा मजुरीच जास्त लागते, त्यामुळे सुरू करताना चेन वाजणारी डिझेल गाडी मी सरळ सोडून देईन.

या मॉडेलचं सर्वात बदनाम दुखणं मात्र इंजिनाचं नाही, स्टिअरिंग लॉकचं आहे. किल्ली खाचेत घातली की स्टिअरिंगखालून बारीक ‘गर्र’ असा आवाज येतो. तो लॉक उघडणाऱ्या छोट्या मोटरचा. ही मोटर झिजते. मग एके दिवशी किल्ली आत जाते आणि काहीच होत नाही. डॅशबोर्ड अंधारा, स्टिअरिंग जाम, गाडी जागची हलत नाही. टो करायला आलेल्या माणसालाही चाकं वळवता येत नाहीत. गाडी बघायला जाल तेव्हा किल्ली आठ-दहा वेळा काढून घाला आणि कान देऊन ऐका. दरवेळी आवाज लगेच आणि सारखाच यायला हवा. रेंगाळला किंवा एखाद्या वेळी आलाच नाही, तर मोटरचे दिवस भरत आले आहेत.

घेतल्यावर असं लक्षण दिसलं, तर लॉक एकदा उघडल्यावर किल्ली बाहेर काढू नका. किल्ली आत असेपर्यंत लॉक पुन्हा बसत नाही, तेवढ्यात गाडी गॅरेजपर्यंत न्या. लॉक उघडा असताना दुरुस्ती सोपी असते. बंद स्थितीत अडकला तर तो तोडून काढावा लागतो. पर्याय तीन आहेत. आतली मोटर बदलणं सगळ्यात स्वस्त, पण बारीक हाताचा कारागीर हवा. पूर्ण नवं युनिट महाग आणि ते गाडीला कोड करावं लागतं. तिसरा पर्याय एम्युलेटरचा. लॉक काढून टाकतात आणि ‘लॉक उघडा आहे’ असा सिग्नल देणारी छोटी डबी वायरिंगमध्ये बसवतात. तिलाही किल्लीशी जुळवावं लागतं. स्टिअरिंग मग कायमचं मोकळं राहतं, पण इमोबिलायझर चालू असल्याने किल्लीशिवाय इंजिन सुरू होत नाही. रोज वापरायच्या गाडीला मला एम्युलेटरच बरा वाटतो, कारण झिजणारा भागच त्यात राहत नाही.

गिअरबॉक्सबद्दल ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं’ असं कोणी सांगितलं तर मानू नका. २०११ च्या फेसलिफ्टआधीच्या बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांना पाच गिअरचा ७२२.६ आहे आणि नंतरच्यांना सात गिअरचा ७२२.९. दोन्हींचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदललेलं चांगलं. ७२२.६ ला एमबी २३६.१४ मान्यतेचं तेल लागतं. फक्त पॅन उघडला तर चार लिटरच्या आसपास निघतं, टॉर्क कन्व्हर्टरही रिकामा झाला तर साडेसात-आठ लिटर. नंतरच्या ७२२.९ प्लसला २३६.१५ चं निळं तेल लागतं आणि ही दोन तेलं एकमेकांत मिसळायची नाहीत. पॅनचे बोल्ट ८ न्यूटन-मीटरलाच आवळायचे. जोरात आवळले की पॅकिंग दबतं आणि गळती तिथूनच सुरू होते.

खरी मेख तेलाच्या पातळीत आहे. ७२२.६ ला तेल मोजायची दांडी दिलेलीच नाही, नुसती नळी आणि वर टोपण. मेकॅनिकची लांब दांडी घालून, तेल ८० अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून मोजतात. ७२२.९ मध्ये तेल खालच्या प्लगमधून भरतात आणि ४५ अंशांना आतल्या नळीवरून जास्तीचं सांडू देतात. तापमान स्कॅनरवर न बघता, ‘जेवढं निघालं तेवढं भरलं’ म्हणणाऱ्या गॅरेजात हे काम देऊ नका.

७२२.६ च्या बाजूला वायरिंगचा एक १३ पिनांचा गोल कनेक्टर असतो. त्याच्या ओ-रिंग कडक होतात आणि तेल वायरिंगमधून वर चढत गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतं. मग गाडी मध्येच दुसऱ्या गिअरमध्ये अडकते आणि पिकअप मरतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की तात्पुरती सुटते. अशा वेळी ‘गिअरबॉक्स गेला’ असं ऐकून घाबरू नका. आधी तो प्लास्टिकचा प्लग आणि ओ-रिंग बघा, मग आतली सेन्सर आणि वायरिंगची कंडक्टर प्लेट. टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी चांगली अर्धा तास चालवा, म्हणजे गिअरबॉक्स गरम होईल. पी मधून आर आणि डी टाकताना धक्का बसतो का, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच चढतो का, ते बघा. डी मध्ये ब्रेक दाबून उभं असताना सीट थरथरली तर इंजिन माउंटिंग बसलेत. त्यांच्यात तेल भरलेलं असतं, ते गळून गेलं की रबर एकटं धक्का सोसत नाही.

किलोमीटरचा आकडा मीटरपुरता नसतो. तो किल्लीच्या इग्निशन युनिटमध्येही नोंदलेला असतो. मर्सिडीजचा स्कॅनर असलेल्या माणसाला सोबत न्या आणि दोन्ही आकडे जुळवा. पाचशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग आणि सॅम (दिवे, फ्यूज सांभाळणारं) युनिट त्याला दिसत नाहीत. ब्रेक पेडलचं गुळगुळीत झालेलं रबर आणि ड्रायव्हर सीटची दबलेली बाहेरची कड या गोष्टी विकणाऱ्याच्या तोंडापेक्षा खरं बोलतात.

आपल्या पावसाची वेगळी काळजी घ्यावी लागते. वायपरच्या खालच्या जाळीत पानं साठतात, पाणी निचरायच्या वाटा बुजतात आणि ते पाणी ब्लोअरमधून पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. दर मे महिन्यात जाळी काढून वाटा मोकळ्या करा. डिकीत मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी येतं आणि मागचं सॅम फ्यूज युनिट डिकीतच आहे. डिकीचं कार्पेट उचलून हात फिरवा, ओलसर लागलं तर आधी तेच. मागच्या दिव्यातच या मॉडेलचं अजून एक ठरलेलं काम निघतं. अर्थिंगची तपकिरी वायर ज्या पिनवर येते ती पिन ढिली पडून तापते आणि कनेक्टर वितळतो. बल्ब चांगला असूनही डॅशवर ‘दिवा गेला’ असा मेसेज येत राहिला, तर बल्ब बदलत बसू नका. कनेक्टर ओढून बघा. पिन काळी पडली असेल तर ती आणि बल्बची प्लेट दोन्ही बदला, फक्त एक बदलली तर ती पुन्हा जळते. आणि साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर मिळत असेल तर मुंबई-ठाण्यात ते घ्याच.

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या महिन्यात, जुनी बिलं असोत वा नसोत, सगळी तेलं बदलून घ्या. इंजिन ऑइल पेट्रोलला ५.५ लिटर, एमबी २२९.५ मान्यतेचं, ओएम ६५१ ला ६.५ लिटर, २२९.५१ चं. फिल्टर वरून निघतो, त्याच्या झाकणाची ओ-रिंग दरवेळी नवी. ड्रेन प्लग ३० न्यूटन-मीटर, खाली नवा वॉशर. गर्दीच्या रस्त्यांवर चालणार असेल तर दर ८-१० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. ब्रेक ऑइल डॉट ४ प्लस, दर दोन वर्षांनी. कूलंट एमबी ३२५.० चं निळं, निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी घातलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात. बॅटरीचा व्होल्टेज रात्रभर उभ्या गाडीत १२.५ च्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला, कारण कमी व्होल्टेजवर ही गाडी नसलेले दोष दाखवते. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सहा वर्षांपुढचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, काढून टाका. चाकांचे बोल्ट १३० न्यूटन-मीटरला, पायाने पान्यावर उभं राहून नव्हे.

पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड आपल्या खड्ड्यांमध्ये लवकर जातात. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना ‘टक’ असा आवाज आला तर तेच. इथे पैसे वाचवायची चांगली जागा आहे. लेमफोर्डरचे आर्म, सॅक्सचे शॉकअप, मान किंवा हेंगस्टचे फिल्टर हे नामांकित जर्मन माल आहेत आणि तारा छापलेल्या डब्यापेक्षा स्वस्त मिळतात. मागवताना चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, मॉडेलच्या नावावर विसंबू नका. बंपर, आरसा, दाराची पट्टी, सीटचं प्लास्टिक यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठायला हरकत नाही. ब्रेकचा कुठलाही भाग आणि कोड होणारी युनिटं मात्र भंगारातून घेऊ नका.

चालवायची सवय वेगळी लावावी लागते ती हँडब्रेकची. तो इथे डाव्या पायाखाली पेडल म्हणून आहे. चढावर थांबताना आधी मुख्य ब्रेक, मग पायाचा पार्किंग ब्रेक पूर्ण दाबायचा, मग पी. थेट पी टाकून पाय सोडला की गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका खटक्यावर येतो. ढकल मागच्या चाकांची आहे, ओल्या घाटात ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करू नका.

कागदांमध्ये दिल्लीच्या डिझेल गाड्यांपासून सावध राहा. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदी आली म्हणून त्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून नोंदणी चालू आहे का बघा, फॉर्म २८ ची एनओसी हातात घ्या आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किमतीत धरा. तो धरला की बरेचदा स्वस्ताई उरत नाही. कर्जाची गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात, तेव्हा सही करणाऱ्याचं कंपनीने दिलेलं अधिकारपत्र मागा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

नोंदणीचं वर्ष मात्र नीट बघा. २०११ ला नोंद झालेल्या गाडीची १५ वर्षं २०२६ मध्ये भरतात. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत तपासणी करून, हरित कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. तपासणीला दिवे, ब्रेक, पीयूसी आणि काचा बघतात, म्हणजे मागच्या दिव्याचा तो जळका कनेक्टर त्याआधी बदललेला असला पाहिजे. दोन गाड्या सारख्याच स्थितीत असतील तर २०१३ च्या गाडीला पन्नास-साठ हजार जास्त द्यायला मी तयार होईन.